येशीच्या परकरात बांधलेली नाचणी

श्री येसोबा महाराज त्या साली चैत्रात तळकुंडीला आले आणि तिथंच राहिले. तळकुंडी हे घाटमाथ्यावरचं गाव. पाऊस लागला की तीन-तीन महिने सूर्याचं तोंड दिसत नाही, आणि जमिनीत पिकतं काय, तर वरी आणि नाचणी. गावाच्या वरच्या अंगाला कुडाच्या भिंतींचं एक खोपट होतं. महाराज राहिले म्हणून लोक त्याला मठ म्हणू लागले. आत होतं काय? एक चूल, एक भलं मोठं मडकं आणि महाराजांचं घोंगडं. मूर्ती नाही, समई नाही, दक्षिणेचं ताट तर नाहीच नाही.

त्या मडक्यात रोज सकाळी नाचणीची आंबील शिजत असे. आदल्या दिवशी पीठ ताकात कालवून आंबायला ठेवायचं, सकाळी मीठ-जिरं घालून ढवळत ढवळत शिजवायचं. उजाडलं की पडवीत माणसं पानांचे द्रोण घेऊन बसत. रानात निघालेला गडी बसे, लाकूडतोड्या बसे, आणि त्यांच्याच ओळीत काठी टेकत आलेला आजारीही बसे. सगळ्यांना एकाच मडक्यातलं, एकाच ओगराळ्यानं. कुणी विचारलंच तर महाराज म्हणत, "आजाऱ्याला उठायचंय, धडधाकटाला उभं राहायचंय. काम एकच आहे, मग अन्न दोन कशाला?"

गावातली मोठी घरं मात्र या आंबिलीला नाकं मुरडत. "बुवाचा प्रसाद म्हणजे काळं खळगट पाणी!" असं म्हणून हसत. खरं कारण रंग नव्हताच. आंबील करणारी ठकू कुंभारीण होती, हे खरं कारण. पण तसं महाराजांच्या तोंडावर म्हणायची छाती नव्हती, म्हणून बिचाऱ्या नाचणीच्या रंगाला नावं ठेवायची. भित्र्या माणसाची हीच तऱ्हा असते.

ठकूची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पंधरा वर्षांपूर्वी तिची लेक येशी तापानं पडली. सात वर्षांची पोर. गावचे वैद्य अंताजीपंत आले. त्यांनी नाडी पाहिली, तीसुद्धा मधे फडकं धरून, आणि सांगितलं, "लंघन! जीभ स्वच्छ होईपर्यंत पोटात अन्नाचा कण जाता कामा नये." नवव्या दिवशी ताप उतरला, पण जीभ पांढरीच राहिली. पोर म्हणू लागली, "आये, पेज दे." ठकूनं दिली नाही. वैद्यानं सांगितलं होतं ना! शेजारीण म्हणाली, "दे गं घोटभर," तर ठकूनं तिलाच दटावलं. चूल पेटलेली, घरच्यांसाठी पेज शिजलेली, आणि पोर अंथरुणातून त्या मडक्याकडं बघत राहिलेली. अकराव्या दिवशी तिनं मागायचं सोडलं. बाराव्या दिवशी गेली.

पंतांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "लंघन उशिरा धरलंत," एवढं म्हणून ते पुढच्या घरी गेले.

त्यानंतर ठकूनं घरात पेज शिजवली नाही. मडकी घडवायची, कोरडी भाकरी खायची, कुणाशी बोलायचं नाही. महाराज गावात आले तेव्हा ती मठासाठी मडकं घेऊन आली. महाराजांनी मडकं वाजवून पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि कुणी काही सांगितलेलं नसताना म्हणाले, "ठके, लेकीनं मागितलं ते तिला दिलं नाहीस. आता कुणालातरी रोज देत जा." दुसऱ्या दिवसापासून ती मठाच्या चुलीपुढं आली ती आलीच!

भादव्यात गावात ताप शिरला. घरटी एक-दोन माणसं अंथरुणाला लागली. अंताजीपंत छत्री घेऊन घरोघर फिरत होते आणि घरोघर एकच सांगत होते: लंघन. ताप उतरायचा, माणूस मात्र उठायचा नाही. अशा माणसांना त्यांची घरची माणसं पाठुंगळीला मारून मठात आणू लागली.

तेव्हा महाराजांनी ठकूला सांगितलं, "आता मोडाची आंबील कर. सगळं मडकं मोडाचंच." नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून ऊब द्यायची, पांढरे मोड आले की ते पाट्यावर वाटून कापडातून दूध गाळायचं आणि त्याची पातळसर आंबील करायची. मोड आलेला दाणा रिकाम्या पोटाला जड पडत नाही, हे त्या मुलखातल्या बायकांना ठाऊक होतं. पण बायकांना काय ठाऊक आहे, हे विचारतो कोण?

एका सकाळी पंत मठाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. पायरी चढले नाहीत.

"काय बुवा, आज तुमचं मडकं कुणाकुणाला तारतंय?"

"या पंत, बसा," महाराज म्हणाले. "एक द्रोण घ्या."

"मी? हे गुरांचं आंबोण?"

"तुमच्या गावात तापानं गुरं मेलेली दिसली नाहीत," महाराज म्हणाले.

ओळीतला एक म्हातारा फिसकन हसला. पंतांचा चेहरा लाल झाला. ते ठकूकडं वळले. "आणि तू गं? माती कालवायचं सोडून वैद्यकी करायला लागलीस? यातला एक जरी दगावला ना, तर ते पाप तुझ्या माथी!"

ठकू ढवळत होती. तिनं मान वर केली नाही. "पाप हाय माज्या माथी, पंत," ती म्हणाली. "जुनंच हाय."

पंतांना त्याचा अर्थ लागला नाही. ते येशीला केव्हाच विसरले होते.

पण दोन आठवड्यांत मडक्यानं गावातली नाचणी संपवली. लोक मूठ मूठ आणून देत होते, त्या मुठी थांबल्या. नवं पीक अजून पोटरीत होतं. शेवटचा द्रोण वाढला त्या दिवशी ठकूनं मडकं पालथं घातलं आणि त्याला टेकून बसली.

त्याच दुपारी धो धो पावसात एक बाई मठाच्या मागच्या बाजूनं आली. डोक्यावर इरलं, पदराखाली काहीतरी लपवलेलं. ठकूनं ओळखलं. पंतांच्या घरच्या उमाकाकी.

"ठकू, माझी द्वारका जाते गं," त्या दारातच म्हणाल्या आणि रडू लागल्या.

द्वारका ही पंतांची एकुलती लेक. गौरीला माहेरी आली होती, ती इथंच तापानं पडली. ताप जाऊन चार दिवस झाले होते आणि पोटात अन्न जाऊन बारा. पंत रोज जीभ बघत आणि मान हलवत. इथं एक गोष्ट पंतांच्या पदरात टाकलीच पाहिजे: कुंभाराच्या पोरीला एक न्याय आणि आपल्या पोरीला दुसरा, असं त्यांनी केलं नाही. लबाड असते तर लेकीला चोरून भरवलं असतं. पण स्वतःच्या विद्येची खात्री झालेला माणूस पोटच्या पोरीलाही सोडत नाही. दोन दिवस पंतांनाही घास गेला नव्हता. तरी हुकूम तोच.

"काल ते बाहेर गेले तेव्हा तांदळाच्या पेजेचं नुसतं पाणी दिलं," काकी म्हणाल्या. "सगळं ओकली. तुझं ते मोडाचं करून दे. हे घे, घरातली नाचणी आणलीय. माजघराच्या काळोखात मडकं चाचपून काढलीय. यांना कळलं तर माझं काही खरं नाही."

ठकूनं गाठोडं घेतलं. ओल लागून कापड भिजलं होतं. दाणे खराब होतील म्हणून तिनं ते न बघताच भांड्यातल्या पाण्यात सोडले. "परवा सकाळी या काकी," ती म्हणाली. "मोड यायला तेवढा येळ द्यावाच लागतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाणे उपसायला बसली. पाणी तांबूस काळं झालं होतं. तिनं ओंजळ नाकाशी नेली. खमंग वास. एक दाणा दाताखाली घेतला. कुडूम वाजला.

भाजलेली नाचणी! काकींनी लाडवांसाठी भाजून ठेवलेलं मडकं काळोखात हाताला लागलं होतं. भाजलेला दाणा म्हणजे मेलेला दाणा. त्याचे लाडू होतात, पीठ होतं, सगळं होतं, पण त्याला मोड येत नाही.

ठकू तशीच उठली आणि ओल्या हातांनी पंतांच्या परसदाराशी गेली.

"काकी, भाजल्याली दिलीया तुमी. कच्ची हाय का घरात?"

काकींचं तोंड पांढरं पडलं. "कच्ची होती ती पेरणीला गेली गं सगळी. आता नाही एक दाणा." त्या उंबऱ्यावरच बसल्या. "अगं बाई, मी काय करून बसले!"

तेवढ्यात आतून पंत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हे चाललंय तर!" ते बायकोवर ओरडले. "माझ्या घरात, माझ्या पाठीमागं!" मग ठकूकडं वळले आणि कडवट हसले. "भाजलेली नाचणी मोडासाठी भिजवलीस? वा! आणि ही माझ्या लेकीला वाचवणार! जा, सांग तुझ्या बुवाला. एवढा सिद्ध आहे ना? म्हणावं, वैद्याच्या घरची भाजलेली नाचणी उगवून दाखव. उद्या सकाळी येतो बघायला. उगवली तर ही पगडी उतरवून तुमच्या पंगतीत बसेन, तुझ्या हातचं खाईन. नाही उगवली, तर ते मडकं मी माझ्या हातानं फोडणार. पुन्हा या गावात आजाऱ्याच्या तोंडाजवळ आंबील दिसता कामा नये!"

आतून द्वारकेचा आवाज आला. काही तरी मागत होती. इतकं बारीक, की शब्द कळले नाहीत. ठकूला मात्र कळले. तो आवाज तिच्या कानात पंधरा वर्षं होता.

ती मठात आली आणि महाराजांपुढं उभी राहिली. सगळं सांगितलं. नाचणी भाजलेली, गावात दुसरी नाही, पंतांनी पैज घातलेली, पोर उद्यापर्यंत टिकेल असं वाटत नाही.

महाराज म्हणाले, "बांध."

"महाराज, भाजल्यालं दाणं हायेत. उगावत्याल कसं?"

"मी कुठं म्हटलं उगवतात? बांधायचं काम तुझं आहे, तेवढं तू कर."

ठकूनं चुलीजवळचं फडकं घेतलं. महाराज म्हणाले, "ते नको. तुझ्या घरी उतरंडीच्या तळाच्या मडक्यात काय ठेवलंयस?"

ठकू उभी होती तिथंच गारठली. त्या मडक्यात काय आहे हे तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. ती घरी गेली, उतरंड उतरवली, तळाच्या मडक्यातून येशीचा परकर काढला. खणाचा, काठाशी उसवलेला. त्याच्या घेरात तिनं ते काळपट दाणे ओतले, गाठ मारली आणि महाराजांपुढं ठेवलं.

महाराजांनी ते गाठोडं दोन्ही तळव्यांत घेतलं, आजारी लेकरू घ्यावं तसं, आणि वर घोंगडं ओढलं. तो सबंध दिवस ते तसेच बसून राहिले. कुणी कांदा-भाकर आणली ती परत केली. "आज माझं लंघन," ते हसून म्हणाले. ठकू चुलीत लाकडं सारत राहिली. चुलीवर शिजायला काही नव्हतं, तरी सारत राहिली.

सकाळी पंत आले. मागं मोठ्या घरांतली पाच-सहा माणसं मजा बघायला आली होती. एकानं मडकं फोडायला बडगासुद्धा आणला होता. पंतांचे डोळे तांबारलेले होते. लेक पहाटेपासून बोलायची थांबली होती.

"आणा ते गाठोडं," ते म्हणाले. "मीच सोडतो. तुमची हातचलाखी नको."

महाराजांनी घोंगड्याखालून गाठोडं पुढं केलं. पंत आज पहिल्यांदा पायरी चढले. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. त्यांनी ती नखांनी उकलली. परकर उघडला.

आत पांढरं होतं. दाण्यादाण्याला मोड. काळपट भाजलेल्या दाण्यातून सुईसारखे निघून एकमेकांत गुंतलेले. सगळं मिळून जाईच्या गजऱ्यासारखं दिसत होतं.

"बदलली!" मागून कुणीतरी म्हणालं. "दुसरी नाचणी घातली!"

पंतांनी एक दाणा उचलला, तोंडात टाकला आणि चावला. वैद्याची जीभ ती, फसायची नाही. दाणा खमंग लागला, आपल्याच घरच्या कढईतला. आणि मोड ओला होता, गोड होता.

"बदललेली नाही," पंत हळूच म्हणाले.

मग त्यांची नजर महाराजांच्या हातांवर गेली. दोन्ही तळव्यांवर फोड आले होते, तापलेली कढई उघड्या हातांनी धरावी तसे.

"हे... हे कशानं भाजलं?"

"तुमच्या नाचणीला विचारा," महाराज म्हणाले. "आग कुठंतरी जायलाच हवी, पंत. ती आपल्या आपण विझत नाही."

काय ही माउलीची करुणा! दाण्यातली आग स्वतःच्या हातावर काढून घेतली आणि त्याचा गवगवा नाही, उच्चार नाही! बडगा आणणाऱ्यानं तो हळूच भिंतीला टेकवला.

पंतांनी पगडीला हात घातला. महाराज म्हणाले, "पगडी राहू द्या, ती कुठं पळत नाही. पोर आहे ना अजून? ठके, मोड वाट लवकर. आणि पंत, भरवायला ठकू जाईल. अंगणात उभी राहणार नाही. आत जाईल."

पंतांनी बाजूला सरून तिला पाट्याकडं वाट दिली. "चल," ते म्हणाले.

ठकूनं मोड पाट्यावर वाटले, त्याच परकरातून दूध गाळलं, मिठाचा खडा टाकून ढवळत शिजवलं. वाडगा पदरात धरून ती पंतांच्या मागोमाग गेली. पंधरा वर्षांपूर्वी ज्या माणसानं तिच्या लेकीची नाडी फडक्यातून पाहिली होती, त्यानं आज स्वतः दार उघडून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं.

द्वारका भिंतीकडं तोंड करून पडली होती. ओठ सुकून फुटलेले. ठकूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पळीतून एक घोट ओठांत सोडला. काकी देवाचं नाव घेत होत्या. पंत उभे होते. घोट घशाखाली गेला. सगळे वाट बघत राहिले. ओकारी येईल, आता येईल.

आली नाही.

दुसरा घोट. तिसरा. द्वारकेनं डोळे उघडले, वर वाकलेल्या अनोळखी तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "दे ना... अजून दे."

ठकूनं पळी पुन्हा वाडग्यात बुडवली. "देते," ती म्हणाली. "देते गं बाय. थोडं थोडं देते." आणि सबंध दिवस, घटकेघटकेनं एक-एक पळी, ती देत राहिली. त्या दिवशी तिनं स्वतःचे डोळे पुसले नाहीत. हात रिकामा नव्हता.

पाचव्या दिवशी द्वारका भिंतीला टेकून बसली. तोवर पंतांनी वाड्यावस्त्यांवर निरोप धाडून लंघन मोडायला लावलं होतं आणि घाटाखालून दोन बैलांच्या पाठीवर नाचणी मागवली होती. मठाचं मडकं पुन्हा चुलीवर चढलं.

त्या सकाळी पडवीत नेहमीची ओळ बसली होती. पंत आले. पगडी काखेत, दुसऱ्या हातात लेपाची वाटी. ते सरळ महाराजांकडं गेले आणि पायांवर डोकं ठेवायला वाकले.

महाराजांनी तळवे पुढं केले. "आधी हे बघा. भाजल्यावर तुमच्या लेपासारखा लेप नाही, असं ऐकतो. तुमची विद्या खोटी असं मी कधी म्हटलं? आजारी काय मागतो, तेवढं ऐकून घेत चला."

पंतांनी लेप लावला. मग पुन्हा वाकू लागले, तेव्हा महाराजांनी पाय मागं घेतले आणि चुलीकडं बोट दाखवलं. "नमस्कार चुकीच्या घरी नेताय."

पंत चुलीपुढं येऊन उभे राहिले. ठकू ढवळत होती. दांडीवर परकर वाळत होता.

"ठकूबाई," पंत म्हणाले. आजवर त्यांनी तिला 'बाई' म्हटलं नव्हतं. "हा परकर कुणाचा?"

"येशीचा. माज्या लेकीचा. तुमी आला व्हता बघायला."

पंतांना आता आठवलं. त्यांनी परकराच्या उसवलेल्या काठाला बोट लावलं. मग विचारलं, "तिनं काही मागितलं होतं?"

"पेज."

"मग?"

"तुमी नको म्हणाला व्हता. म्या दिली न्हाई."

सगळ्या गावादेखत अंताजीपंत वैद्य खाली बसले. त्यांनी पगडी मातीत ठेवली आणि ठकू कुंभारणीच्या पायांवर कपाळ टेकवलं. त्यांची पाठ गदगदत होती. महाराजांनी डोळे मिटून घेतले.

ठकूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग ओगराळं मडक्यात बुडवून भरून काढलं.

"उठा, पंत," ती म्हणाली. "द्रोण घ्या नि वळीत बसा. मागं आजारी माणसं खोळंबल्यात."

पंत उठले आणि ओळीत शेवटी जाऊन बसले.